ट्रॉम्सोचं तिकीट

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला मला कळलं, की आमच्या कचेरीतून चारशे अठरा म्हाताऱ्या माणसांचं पडणं गायब झालंय.

सांगते, जरा दम धरा. माझं नाव वर्ना झ्विकर. हॅलिफॅक्सच्या बंदरावर, फेरीच्या धक्क्यापासून दोन चौक वर आमची कचेरी आहे. जगभरात एखाद्या औषधाच्या जेवढ्या चाचण्या झाल्या असतील तेवढ्या गोळा करायच्या, एकमेकींशी ताडून बघायच्या आणि प्रांताच्या समितीला सांगायचं, की बाबांनो, दुकानात मिळणारं हे औषध सरकारी खर्चानं द्या किंवा देऊ नका. याला आम्ही आढावा म्हणतो. मी इथली ग्रंथपाल. एकोणीस वर्षं मी कागद शोधते, आणि माझ्या हातून कागद हरवत नाही.

त्या दिवशी डोर्मालेन नावाच्या झोपेच्या गोळीचा आढावा शेवटचा तपासायला माझ्या टेबलावर आला होता. अकरा चाचण्या, दोन वर्षांची मेहनत. शुक्रवारी तो समितीपुढे जाणार होता. बत्तिसाव्या पानावर वाक्य होतं: 'गोळी घेणारी माणसं किती वेळा पडली, हे अकरापैकी एकाही चाचणीत मोजलेलं नाही.'

मी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. सातवी चाचणी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोची होती, तीत चारशे अठरा माणसं होती. त्यांतल्या प्रत्येकाला एक कॅलेंडर दिलं होतं, पडलात त्या दिवसावर फुली मारा म्हणून. फुल्या किती झाल्या, तेवढं मात्र कंपनीनं छापलंच नव्हतं. आता न मोजणं वेगळं, आणि मोजून गप्प बसणं वेगळं. पहिला आळस झाला. दुसरं काय आहे, ते शेंबड्या पोरालाही कळेल.

आमच्याकडे प्रत्येक चाचणी दोघंजण वेगवेगळ्या खोलीत बसून वाचतात, एकमेकांशी न बोलता, आणि मग फॉर्म जुळवतात. सातव्या चाचणीच्या जुळलेल्या फॉर्मवर 'मोजलं, पण आकडा दिलेला नाही' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं होतं. फॉर्म फाइलला मीच लावला होता. तो आकडा मागायला ट्रॉम्सोच्या डॉक्टर ब्रेक्केंना फेब्रुवारीत मीच पत्र घातलं होतं.

मी कपाट उघडलं. सहावी फाइल होती, आठवी होती, आणि दोघी मधल्या रिकाम्या जागेत एकमेकींवर रेलल्या होत्या.

तडक डॉक्टर लॉयड मॅकअस्किल यांच्या खोलीत गेले. आढाव्याचे प्रमुख तेच. म्हाताऱ्यांचे डॉक्टर म्हणून अख्ख्या प्रांतात नाव, आणि माणूस तर सोन्यासारखा. मागच्या शरदात त्यांची बायको मार्जरी न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडून गेली, तेव्हापासून हे हसायचेच थांबले. तिची शिवणाची टोपली त्यांनी कचेरीच्या खिडकीत आणून ठेवलीय. रंगीत रिळं, अर्धी शिवलेली बाही, लाल मुठीची कात्री. झाडणाऱ्या बाईलासुद्धा तिला हात लावू देत नाहीत.

"सातवी फाइल नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "सापडेल गं. आणि नाही सापडली तरी आकडा कुठे होता आपल्याकडे? आकडाच नसेल तर समितीला सांगायचं काय? सोडून दे, वर्ना."

एकोणीस वर्षांत या माणसानं मला 'सोडून दे' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

२

मी सोडणार नव्हते, आणि त्याला कारण होतं माझी आई. हिल्डा झ्विकर, वय सत्त्याऐंशी, मुक्काम माहोन बे गावचा वृद्धाश्रम. आईला रात्री झोप येत नाही, ती काठी टेकत बोळातून फिरत राहते. आश्रमाच्या डॉक्टरांनी मला निक्षून सांगितलं होतं, की एक तर डोर्मालेन, नाहीतर कुलपाचा विभाग, म्हणजे दाराला बाहेरून कुलूप. शुक्रवारी आढावा मंजूर झाला की सोमवारपासून गोळी सुरू. रविवारीच मी संमतीच्या कागदावर सही केली होती. आमचाच आढावा, मग भीती कसली, असं म्हणून केली होती!

फाइल कुणी घेतली असेल? कपाटाची किल्ली चहाच्या फळीमागच्या खिळ्याला टांगलेली असते, हे आम्हा चौघांनाच ठाऊक. मी, डॉक्टर, आकडेमोड करणारा क्लेटन टाइन्स आणि चाचण्या वाचणारी प्रिसिला आमिरो. मी तर घेतली नव्हती.

आधी क्लेटनला धरलं. पस्तिशीचा, हुशार, टोरांटोच्या नोकरीवर डोळा ठेवून बसलेला. बत्तिसाव्या पानावरचा तक्ता त्याच्याच हातचा.

"अहो बाई, मी काही ती फाइल खाल्ली नाही," तो म्हणाला. "मला जेवढे फॉर्म दिले तेवढे मी यंत्रात भरले. पडण्याचा रकाना सगळ्यात शेवटी भरला, तेव्हा सातवीचा फॉर्म नव्हता."

"मग 'मोजलेलं नाही' हे कुणी लिहिलं? भुतानं?"

"यंत्रानं. रकाना रिकामा राहिला की ते आपोआप 'मोजलेलं नाही' घालतं."

"रिकामं म्हणजे नाही? हे शहाणपण कुणी शिकवलं रे तुला?"

"माझ्यावर कशाला ओरडता? मी यायच्या आधीपासूनचा नियम आहे तो." त्याचे कान लाल झाले होते. "चाळीस रकाने आणि अकरा चाचण्या, बाई. एका फॉर्मची आठवण दोन वर्षांनी कुणाला राहणार? तुमच्याशिवाय!"

पोरगं खरं बोलत होतं. म्हणजे चोराला खोटं लिहावंही लागलं नव्हतं. नुसती फाइल उचलायची, खोटं बोलायचं काम यंत्र करणार होतं. आणि हा नियम माझ्याशिवाय बाकी तिघांनाही पाठ असणार.

दुपारी मी ट्रॉम्सोच्या इस्पितळाला फोन लावला. म्हटलं, फाइल गेली तर गेली, आकडा पुन्हा मागून घेऊ. पलीकडच्या बाईनं नाव दोनदा विचारलं, मग तिचा आवाज मऊ झाला.

"डॉक्टर ब्रेक्के तीन आठवड्यांपूर्वी वारले हो. त्यांचे कागद कुठे गेले, ते आम्हालाही माहीत नाही."

३

बुधवारी संध्याकाळी गाडी काढून आईकडे गेले. सही मागे घ्यावी, की घेऊ नये? घेतली तर आई कुलपात. नाही घेतली तर... तेच तर मला ठाऊक नव्हतं. जिथे आकडा असायला हवा होता तिथे नुसतं भोक होतं.

आई खिडकीपाशी बसून बशीतल्या पाण्यात पोस्टाची तिकिटं भिजवत होती. हा तिचा साठ वर्षांचा नाद. आमच्या कचेरीत चहाच्या फळीवर तिच्या नावाचा एक डबा आहे. टपाल जो कुणी उघडेल, त्यानं पाकिटावरचं तिकीट कापून त्यात टाकायचं, ही आमच्याकडची रीतच पडून गेलीय. दर रविवारी तो डबा मी न बघताच आईच्या पुढ्यात पालथा करते.

"तुझ्या त्या क्लेटनला सांग," आई मला बघताच म्हणाली, "तिकीट टरकावतात का असं? कडेचे दोन दात गेले बघ याचे. ती आमिरोची मुलगी बघ, कशी चारी बाजूंनी समास सोडून कापते. शिक्का अख्खा राहतो."

"आई, मला आज तिकिटांत रस नाही गं."

"कधी होता? हे बघ तरी. या वर्षातलं सगळ्यात देखणं." तिनं वही माझ्यापुढे सरकवली.

काळ्यापांढऱ्या पक्ष्याचं तिकीट होतं ते, नॉर्वेचं. त्यावर गोल, स्वच्छ शिक्का: ट्रॉम्सो, चौदा मार्च.

चौदा मार्च! म्हणजे ब्रेक्केंनी मरायच्या आधी उत्तर पाठवलं होतं, आणि ते आमच्या कचेरीत पोचलं होतं. माझ्या आवक वहीत मात्र त्याची नोंद नव्हती. मग आठवलं, की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आईला ताप होता आणि मी रजेवर होते. त्या आठवड्यात ज्याच्या हाताला लागेल तो टपाल उघडत होता.

"हे भिजवलं नाहीस?" मी विचारलं. तिकिटाखाली पाकिटाचा तुकडा अजून चिकटलेला होता.

"नाही भिजवलं. कापलंय बघ कसं गमतीदार. झिगझॅग कात्रीनं. अगं, ती कात्री म्हणजे..."

मी पुढचं ऐकलंच नाही. कागदाच्या चारी कडांना बारीक दाते होते. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून शिंपी वापरतात, त्याच कात्रीचे. आणि आमच्या कचेरीत शिवणकाम करणारी बाई एकच होती.

४

प्रिसिला आमिरो गोधड्या शिवते. क्लेअर भागात किनाऱ्यावर भरणाऱ्या जत्रेत तिच्या गोधडीला दोनदा पहिलं बक्षीस मिळालंय. आणि इथे यायच्या आधी ती तीन वर्षं डोर्मालेनच्याच कंपनीत नोकरीला होती. सगळं कसं चपखल बसत होतं! गुरुवारी सकाळी मी तिच्या खोलीचं दार मागे लोटलं आणि तिकीट तिच्या टेबलावर ठेवलं.

"हे तू कापलंस."

ती आधी तिकिटाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे ट्रॉम्सोचं उत्तर आलं होतं?"

"ते मी तुला विचारतेय."

"वर्ना, सातवी चाचणी मीच वाचली होती. 'मोजलं, आकडा नाही', हे मीच लिहिलं होतं. मी कशाला लपवेन?" मग तिचा चेहरा उतरला. "अस्सं. कंपनी. आढाव्याच्या शेवटच्या पानावर हितसंबंध छापतात ना, त्यात माझ्या नावापुढे तीन ओळी आहेत. क्लेटनपुढे 'काही नाही', डॉक्टरांपुढे 'काही नाही'. मग बोट माझ्याकडेच वळणार. खरं सांगून ठेवलं, हाच माझा गुन्हा!"

मला लाज वाटली, पण मी मागे हटले नाही. "झिगझॅग कात्री तुझ्याकडे आहे की नाही?"

"आहे की. ही बघ." तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली कात्री काढली. "आणि आता मला सांग, शिवणाऱ्या बाईच्या घरात तू कधी राहिली आहेस का?"

"का?"

"कारण राहिली असतीस तर असं विचारलं नसतंस. अगं, हिनं कागद कापला की धार मेली! माझ्या नवऱ्यानं एकदा या कात्रीनं भेटवस्तूचा कागद कापला, तीन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. जिला शिवता येतं ती मरेल, पण या कात्रीला कागद दाखवणार नाही." तिनं तिकीट उचलून उजेडात धरलं. "हे अशा माणसाचं काम आहे, ज्याच्याजवळ कात्री आहे पण ज्याला शिवण येत नाही. आणि ज्याला ओरडणारं कुणी..."

ती बोलायची थांबली. माझ्या डोळ्यांसमोर खिडकीतली टोपली आली. मी तिच्या हातातलं तिकीट काढून घेतलं.

५

डॉक्टर खिडकीत पाठमोरे उभे होते. बाहेर धुक्यात फेरीचा भोंगा वाजला. मी तिकीट त्यांच्यापुढे धरलं.

"माझ्या आईला तुम्ही दिलेलं हे," मी म्हटलं.

त्यांनी ते ओळखलं. नाही म्हणायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"पाकीट हातात आल्यावर तुम्ही आधी तिकीट कापलंत," मी म्हणाले. "तेव्हा आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. हिल्डाबाईंना पक्षी आवडेल, एवढंच मनात होतं. जवळ जी कात्री होती ती उचललीत. तिकीट डब्यात टाकलंत, आणि मग पत्र वाचलंत. पुढचं तुम्ही सांगा."

ते खुर्चीत बसले. "मी खोटं कुठेही लिहिलेलं नाही, वर्ना. मी फक्त फाइल उचलली."

"आणि बाकीचं यंत्रावर सोडलंत. तो नियमही तुमचाच ना?"

"माझाच."

"पण का हो, डॉक्टर? कंपनीचा तुमच्याशी काही संबंध नाही. तुम्ही या लोकांचा चहासुद्धा पीत नाही!"

त्यांनी टोपलीकडे पाहिलं, आणि मला वर्षभरापूर्वीचं कचेरीचं जेवण आठवलं. घरून सगळ्यांनी काही ना काही आणलं होतं, मार्जरीनं जवाच्या वड्या. माझ्या हातावर एक ठेवत ती म्हणाली होती, "वर्ना, माझ्या रात्री परत आल्या गं! लॉयडनं अशी काही गोळी दिलीय."

"अकरा महिने," डॉक्टर म्हणाले. "रोज रात्री पाण्याचा पेला मीच आणून द्यायचो. तिला देण्याआधी मी सगळं छापलेलं वाचलं होतं. पडण्याचा आकडा कुठेच नव्हता. काही नाही म्हणजे धोका नाही, असं मी धरलं. मी, जो पोरांना तीस वर्षं उलटं शिकवत आलो! ब्रेक्केंनी दोनच पानं लिहिलीत. म्हणतात, 'आठ वर्षांत हा आकडा मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. कुणी विचारलं असतं तर मी केव्हाच दिला असता.'"

मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता, दोन्ही एकदम. राग आधी बाहेर पडला.

"सोमवारपासून माझ्या आईला हीच गोळी देणार आहेत."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"मी सही केलीय, डॉक्टर. तुमच्या आढाव्याच्या भरवशावर केलीय. आणि प्रत्येक आश्रमात माझ्यासारखी एक मूर्ख मुलगी सही करून बसलीय. तुम्हाला आकडा बघवत नाही हो, मला कळतं. पण न बघितल्यानं मार्जरी परत येणार आहे का?"

ते उठले, टोपली खिडकीतून काढून टेबलावर ठेवली, रिळं बाजूला केली, अर्धी बाही उचलली. तिच्याखाली सातवी फाइल होती, दुमडलेली.

"जाळून टाकता आली असती तुम्हाला," मी म्हटलं.

"तेवढं नाही जमलं."

६

रीत म्हणजे रीत. माझ्यादेखत फाइल उघडून आकडा टिपणं चालणार नव्हतं. दोघांनी वाचायला हवं, वेगवेगळ्या खोलीत. डॉक्टर म्हणाले, "एक वाचणारा मी." प्रिसिला माझ्याकडे बघत राहिली. मी मान डोलावली. पत्राची एक प्रत डॉक्टरांच्या खोलीत गेली, एक प्रिसिलाच्या.

तिला दहा मिनिटं लागली. डॉक्टरांना पाऊण तास. क्लेटन आणि मी मधल्या टेबलापाशी थंड चहा घेऊन बसलो होतो, आणि त्या वात्रट पोराला एकदाही विनोद सुचला नाही.

डॉक्टरांनी बाहेर येऊन फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मी तो प्रिसिलाच्या फॉर्मशेजारी लावला. गोळी घेणारे दोनशे दहा, त्यांतले पडले एक्केचाळीस. तुलनेसाठी साधी साखरेची गोळी घेणारे दोनशे आठ, पडले सतरा. खुब्याचं हाड मोडलं, नऊ आणि दोन. सगळे रकाने जुळले.

"या एक्केचाळिसांत ती नाही," डॉक्टर म्हणाले. "ती इथे होती, हॅलिफॅक्सला. पण मी कितीही वेळा मोजलं तरी बेचाळीस होतात गं, वर्ना."

क्लेटननं आधी यंत्रातला तो नियम काढून टाकला. मग बत्तिसावं पान नव्यानं लिहिलं. मी आश्रमाच्या डॉक्टरांना फोन करून दोन्ही आकडे सांगितले आणि सही मागे घेतली. ते म्हणाले, मग कुलपाचा विभाग. मी म्हटलं, बोळातला दिवा चालू ठेवा, कठडा बसवा आणि तिच्याबरोबर चालायला एक माणूस द्या. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, "नऊ आणि दोन?" मी म्हटलं, हो. मग म्हणाले, महिनाभर बघू या तसं.

शुक्रवारी आढावा समितीपुढे गेला. गोळीला मंजुरी मिळाली नाही. पण अध्यक्षबाई शेवटच्या पानावर अडल्या. हितसंबंधाच्या यादीत डॉक्टरांच्या नावापुढचं 'काही नाही' खोडलेलं होतं, आणि खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'माझी पत्नी मार्जरी हिला ही गोळी मी अकरा महिने दिली. ती पडून वारली. उत्तर हाती आल्यावर पाच आठवडे मी ते लपवून ठेवलं.'

"डॉक्टर, इथे नोकरी, मानधन असलं काही लिहायचं असतं," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. "हे छापलंत तर तुम्हाला पुन्हा कुणी आढाव्यावर घेणार नाही."

"माहीत आहे. छापा," ते म्हणाले, आणि टोपी घेऊन बाहेर पडले.

रविवारी मी आईचं तिकीट परत द्यायला गेले. तिनं ते वहीत जागच्या जागी ठेवलं आणि दातेरी कडेवरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी माझं बोलणं अर्धवट टाकून पळालीस," ती म्हणाली. "मी सांगत होते, की या कात्रीनं कागद कापायचा नसतो, धार जाते. जिची ही कात्री असेल ना, ती बाई जाम भडकली असेल त्याच्यावर."

मी मान खाली घालून बशीतलं पाणी बदलायला गेले.